हलत्या हाताची लेन्स

मुकादमबाईंच्या झूम लेन्सच्या डाव्या अंगाला एक छोटा स्विच होता आणि त्यावर, औषधाच्या दुकानात मिळते ती, जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी कायम लावलेली असे. पट्टी मळली की बाई ती सोलून नवी लावत. पट्टीखालचा स्विच ‘चालू’वर असे. बॅगेत घासून तो चुकून ‘बंद’ होऊ नये, एवढाच त्या पट्टीचा उद्देश होता. “आत बसलेला माणूस माझा हात धरून चालतो,” त्या सांगत. “त्याने मध्येच हात सोडला तर मला घरी येऊन फोटो बघेपर्यंत कळायचं नाही.”

रझिया मुकादम आम्हाला कर्जतच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत. मूळ घर खालापूर तालुक्यात, चौकला; राहणं मात्र दहिवलीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एकटीचं. बेताची उंची, भराभर चालणं, सुती सलवार-कमीज, डोक्यावरून घट्ट घेतलेली ओढणी आणि बाराही महिने पायात बूट. शाळेला सुट्टी लागली की त्यांच्या दाराला कुलूप लागे. परत आल्या की पहिल्या तासाला त्या कुठल्या तरी गावाबद्दल बोलत. पण तिथलं जेवण, हवा, इतिहास यांतलं काहीच त्यांच्या बोलण्यात नसे. त्या सांगत ते एवढंच, की त्या गावात टेकायला काय आहे.

याला कारण होतं. बाई प्रवासात एकच लेन्स नेत: जवळचं पाहता पाहता कडं फिरवून दूरचं ओढून आणणारी. दूरचं ओढलं की वस्तू जितकी मोठी होते तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. त्यामुळे त्यांचा सगळा देश आधारांच्या हिशेबाने मांडलेला होता. विजापूरचा गोलघुमट उत्तम, कारण तिथल्या भिंतीला खांदा लावला की भिंत माणसाला परत ढकलत नाही. जैसलमेरच्या भिंती उन्हात तापतात, त्यांना टेकायचं ते सकाळी. कन्याकुमारीला टेकायला काहीच नाही, म्हणून ते ठिकाण त्यांच्या मते अर्धवट राहिलेलं. आणि जिथे भिंत, झाड, खांब यांपैकी काहीच नसे, तिथे त्या शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत, “दोन मिनिटं तुमचा खांदा मिळेल?” लेन्स त्या खांद्यावर ठेवत आणि हुकूम सोडत, “आता श्वास सोडा. अर्धा सोडून थांबा.” एक हवालदार, केरळातली एक जोगीण, आग्र्याचा एक चिडलेला नवरदेव असे कितीतरी लोक बाईंसाठी श्वास अर्धा सोडून थांबले होते. फोटोत त्यांच्यापैकी कोणीही नाही.

नववीत आंदोलनाचा, म्हणजे मागेपुढे हलण्याचा, धडा आला तेव्हा त्यांनी वर्गात एक लेझरचा दिवा आणला. प्रत्येकाने तो लाल ठिपका समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर धरून ठेवायचा, एवढंच काम. कोणाचाही ठिपका खिळ्यावर थांबला नाही. कुस्ती खेळणाऱ्या मुलाचाही नाही, आणि रांगोळीत तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीचाही नाही.

“हात हलतो,” बाई म्हणाल्या. “तुमचा हलतो, माझा हलतो. जिवंत माणसाचा हलतोच.”

“बाई, मेलेल्याचा?” मागच्या बाकावरून आलं.

“त्याचा नाही हलत. पण तो फोटो काढायलाही येत नाही.”

मग त्यांनी पिशवीतून लेन्स लावलेला कॅमेरा काढला, बटण अर्धं दाबून लेन्स कानाजवळ नेली, आणि एकेकाच्या कानाला लावली. आत फार बारीक गुणगुण ऐकू येत होती. आतल्या काचांपैकी एक काच, त्यांनी सांगितलं, पक्की बसवलेली नाही. ती चुंबकाच्या जोरावर तरंगते. हात किती आणि कुठे वळला हे ओळखणारे दोन संवेदक आत आहेत. हात खाली गेला की ही काच अशी सरकते की चित्र वरच राहतं. हात डावीकडे गेला की काच त्याची भरपाई करते. हे सेकंदात कितीतरी वेळा चालतं आणि काढणाऱ्याला पत्ता नसतो.

“म्हणजे लेन्स हात थांबवते?” मी विचारलं.

“नाही. हात हलतोच. ती फक्त चित्राला ते कळू देत नाही.”

त्यानंतर त्यांनी आम्हाला मैदानातल्या झाडाच्या झोक्याकडे नेलं आणि विचारलं, झोका कुठे थांबतो. सगळे म्हणाले, खाली मध्यभागी. त्यांनी एका मुलीला बसवून झोका दिला आणि नुसतं बघायला सांगितलं. मध्यभागी तो सर्वांत वेगात होता. थांबत होता तो दोन्ही टोकांना, वळायच्या आधी, पापणी लवण्याइतका. हे मला पाठ्यपुस्तकातून कधीच पटलं नसतं. आज मी सूक्ष्म कंपनं मोजण्याचं काम करते, आणि या विषयाकडे कशी वळले असं कोणी मुलाखतीत विचारलं तर व्यवस्थित तयार केलेलं उत्तर देते. खरं उत्तर तो झोका आहे.

बाईंचा दुसरा नाद धूसर फोटोंचा. चांगला फोटो त्या एकदा बघत. बिघडलेला मात्र जपून ठेवत आणि डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरावा तसा तपासत. त्यांच्या मते फोटो बिघडायला तीनच कारणं असतात. सगळंच एका दिशेला फासलं असेल तर काढणाऱ्याचा हात. खांब-भिंती स्वच्छ आणि माणसं फासलेली असतील तर माणसं. समोरचं धूसर आणि मागचं झाड स्वच्छ असेल तर नजर चुकीच्या ठिकाणी रोखली. फोटोत कुठे दिवा असेल तर त्या आधी दिवा बघत, कारण हात हलताना दिवा आपली वाट काढून ठेवतो. साध्या हाताने काढलेली वाट वेडीवाकडी, भटकणारी असते.

एकदा मी प्रयोगवह्या ठेवायला शिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा चित्रकलेचे सर तावातावाने बोलत होते. त्यांनी भारीतली, हात स्थिर करणारी नवी लेन्स घेतली होती आणि सहलीत रात्रीच्या लोकनृत्याचे काढलेले सगळे फोटो वाया गेले होते. दुकानदाराने फसवलं, असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी फोटो पाहिले. “सर, मंडपाचे खांब बघा. काय सुरेख आलेत.”

“मला खांब नको होते, बाई.”

“लेन्सने तुमचा हात धरला. त्या नाचणाऱ्या बायकांचा कसा धरेल? त्यांना थांबवायचं तर शटर भरभर चालवायला हवं. ते तिच्या हातात नाही.”

“मग एवढे पैसे कशाचे घेतात?”

“खांबांचे,” बाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला बसल्या.

दरवर्षीचा एक फोटो मात्र त्या कोणत्याही सहलीच्या आधी काढत, आणि तो घरच्या परिसरातला होता. चौकला त्यांची मोठी बहीण राहते. सगळे तिला आपा म्हणतात. आपांचे गुडघे फार वर्षांपूर्वीच कुरकुरायला लागले आणि त्या माथेरानला कधीच चढल्या नाहीत, जरी माथेरानचा डोंगर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा आहे. बाईंनी ही लेन्स नवीन घेतली तेव्हा माथेरानच्या चौक पॉइंटवरून खाली बघताना त्यांना आपांची गच्ची सापडली. त्यांनी तिथूनच फोन लावला. आपा गच्चीवर आल्या, पण एवढ्या घरांत ओळखायच्या कशा, म्हणून त्यांनी आतून मोठ्या चौकटींची पलंगाची चादर आणली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत हा कार्यक्रम ठरलेला. आपांच्या खोलीत त्या फोटोंची ओळ भिंतीवर आहे. एकापुढे एक बघत गेलं तर मोरबे धरणाचं पाणी मागेपुढे होतं, महामार्गाच्या बाजूने गोदामांची निळी छपरं वाढत जातात, शेतं चिंचोळी होतात, आणि मधोमध एक बाई चादर धरून उभी असते.

हा फोटो दिवस उजाडता उजाडताच काढावा लागतो. ऊन चढलं की मधली हवा तापते आणि तव्यावरच्या हवेसारखी हलायला लागते. त्या हलण्यापुढे कोणतीच लेन्स काही करू शकत नाही. पण उजाडताना प्रकाश कमी, म्हणून शटर सावकाश चालवावं लागतं. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली तर चित्रात रव्यासारखे दाणे उमटतात आणि एवढ्या दुरून आपा त्या रव्यातच हरवतात. थोडक्यात, हातावर सगळी भिस्त.

शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर एका दिवाळीत मी संशोधनाच्या अर्जांचा धबडगा मागे टाकून घरी आले होते आणि बाईंकडे गेले. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी चहा केला. मला कपबशीत दिला आणि स्वतःला स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच घेतला.

“अर्धा का?”

“भरलेला सांडतो.” त्यांनी पेला खाली ठेवला आणि प्रयोगाचं साहित्य दाखवावं तसा उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं हलत होती. लेझरच्या ठिपक्यासारखी भटकत नव्हती, थरथरत होती.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“काळजीचं नाही म्हणाले. वयाबरोबर काहींना होतं. मांडीवर ठेवला की थांबतो, काम काढलं की सुरू होतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या बरोब्बर उलट.” मग त्या कपाटातल्या हवाबंद डब्याकडे वळल्या. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या काचेला बुरशी लागते, म्हणून ती त्या डब्यात असे. “केतकी, मी ठरवलंय. या वर्षी कॅमेरा हातात धरून आपाची गच्ची नीट आली, तर ही माझ्याकडे राहील आणि मी फिरत राहीन. नाही आली तर तू घेऊन जा. वापर नसलेली लेन्स डब्यात ठेवून मला रोज तिचं तोंड बघायचं नाही.”

मी लगेच विश्लेषण सुरू केलं. बाईंच्या कंपाचा वेग लेन्सला ओळखता येईल असाच होता. अडचण होती ती त्याच्या पल्ल्याची. आतल्या काचेला सरकायला जागा फार थोडी असते. हात त्याहून लांब गेला की काच कडेला जाऊन थांबते आणि पुढचं हलणं सगळं चित्रात उतरतं. हे मी त्यांना सांगितलं आणि ट्रायपॉड न्यावा असं सुचवलं.

“तीन पायांवर ठेवलं तर परीक्षा कोणाची झाली?”

“आधी त्यावर एक काढून ठेवू. तुलनेसाठी.”

तुलनेसाठी म्हटल्यावर त्या नाही म्हणू शकल्या नाहीत.

फोटोच्या आदल्या दिवशी आम्ही नेरळवरून माथेरानला चढलो आणि पहाटे उठून चौक पॉइंटकडे निघालो. बरोबर लक्ष्मण होता. माथेरानला गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून तो घोडा चालवतो आणि बाईंना वर्षानुवर्षं ओळखतो. त्याच्या घोड्याचं नाव बुलेट. तो चालतो मात्र वरातीतल्यासारखा. ट्रायपॉड खोगिराला बांधताना लक्ष्मण म्हणाला, “बाई, या वर्साला तंगड्या वाढल्या तुमच्या.”

“तीन आहेत रे. तुझ्या बुलेटपेक्षा एक कमीच.”

“त्याला चार हायेत तरी तो ठेचाळतो. तुमी जपून.”

कड्यापाशी पोचलो तेव्हा खालचं खोरं राखाडी होतं आणि धरणाचं पाणी तेवढं उजळलं होतं. चौकच्या गल्लीतले दिवे अजून विझले नव्हते. बाईंनी फोन लावून तो मोठ्याने बोलेल असा केला. बहिणीशी बोलताना त्यांची शाळेतली भाषा गळून पडे.

“आपा, आलीस का गं वर?”

“कवाची उभी हाय. चादर कठड्यावर टाकलीय बग.”

“धरत नाय? दरवर्साला धरतेस.”

“वारा हाय गं. उडंल.”

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. आमच्याकडे पानही हलत नव्हतं. खाली असेल वारा, अशा अर्थाने त्यांनी मान हलवली आणि कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला. धक्का लागू नये म्हणून शटर दोन सेकंद उशिरा पडेल असं केलं. फोटो निघाला. बाईंनी तो पडद्यावर मोठा केला.

आपा धूसर होत्या.

पुन्हा काढला. पुन्हा धूसर. फार नाही, पण चादरीच्या चौकटी एकमेकींत विरघळलेल्या. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट लक्षात ठेवलं आहे, कारण मला निराशा दिसेल असं वाटलं होतं आणि दिसली ती भूक लागल्यासारखी उत्सुकता.

“हात नाही,” त्या म्हणाल्या. “हात लागलाच नाही. आपा हलली म्हणावं तर शेजारची पाण्याची टाकीपण तशीच. नजर चुकली म्हणावं तर पुढचं-मागचं काहीच स्वच्छ नाही.” त्यांनी दिवा पाहिला. गल्लीतल्या दिव्याचा ठिपका रेघ न होता नुसता फुगला होता. “केतकी, हा चौथा प्रकार आहे. इतकी वर्षं मी मुलांना तीनच सांगत आले.”

“हवा असेल.”

“हवा अजून थंड आहे.” त्या वाकल्या आणि लेन्सला कान लावला. बऱ्याच वेळाने उठल्या. “ऐक.”

मी ऐकलं. आत गुणगुण चालू होती.

“हा माणूस अजून काम करतोय,” बाई म्हणाल्या. “धरायला हात नाही, तरी शोधतोय.”

मग मला उलगडा झाला. लेन्स जुनी, आपण ट्रायपॉडवर आहोत हे तिला ओळखता येत नव्हतं. संवेदकांतल्या किंचित चुकीलाच ती कंप समजत होती, त्यासाठी काच सरकवत होती, आणि काच सरकल्याने लेन्सची नळी सूक्ष्म हलत होती, ते पुन्हा संवेदकांना कळत होतं. नसलेला कंप ती स्वतःच तयार करून स्वतःच सावरत बसली होती. नवीन लेन्स बहुतेक वेळा हे जाणतात. जुन्यांना सांगावं लागतं, आणि सांगायचा स्विच गेली कित्येक वर्षं चिकटपट्टीखाली होता. बाई ट्रायपॉड कधी वापरतच नसत, त्यामुळे हा प्रश्न आलाच नव्हता.

बाईंनी नखाने पट्टी सोलली, ती अंगठ्यावर चिकटवून ठेवली, आणि स्विच बंद केला. पुढचा फोटो काचेसारखा स्वच्छ आला. चादरीच्या चौकटी, टाकी, कठड्याशी उभी आपा.

“झालं की,” लक्ष्मण म्हणाला. “चला, चा घेऊ.”

“हा याचा फोटो,” बाईंनी ट्रायपॉडकडे बोट केलं. “माझा राहिलाय.”

पूर्वेला उजेड वाढत होता. ऊन खाली उतरायच्या आत जे काय ते करायचं होतं. त्यांनी स्विच चालू केला, अंगठ्यावरची पट्टी परत त्यावर दाबली आणि कॅमेरा हातात घेतला. कोपरं बरगड्यांना टेकवून त्यांनी पहिले फोटो काढले. त्यांत आपा नव्हत्याच, एक फिकट फराटा होता आणि दिव्याची रेघ. रेघ तिरकी, सरळ आणि टोकाला जाऊन आकड्यासारखी मागे वळलेली. बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांनी आजवर दुसऱ्यांचे इतके बिघडलेले फोटो पाहिले होते. ही वाट त्यांना अनोळखी होती.

“खांदा दे,” त्या मला म्हणाल्या.

मी पुढे जाऊन दरीकडे तोंड करून उभी राहिले. लेन्स माझ्या उजव्या खांद्यावर आली.

लक्ष्मण मागून म्हणाला, “खांदा द्यायाला चार मानसं लागतात बाई. तुमी एकीवरच भागवताय.”

“त्या चौघांना अजून वेळ आहे रे लक्ष्मण. गप्प उभा राहा, नाहीतर तुझाही घेईन.”

“आमचा नको. बुलेटचा घ्या. त्यो कुटं हलतोय.” बुलेट त्याच क्षणी जोरात फुरफुरला.

मला त्यांचा हात दिसत नव्हता. पण तो माझ्या खांद्याच्या हाडातून मला कळत होता, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्यात काहीतरी जाणवलं, जे समोर धरलेल्या बोटांकडे बघून जाणवलं नव्हतं. तो कंप वेडावाकडा नव्हता. त्याला ताल होता. शिवणयंत्राच्या टाक्यांसारखा, सारख्या अंतराने.

“बाई, नियमित आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“तुमचा कंप. अंतर सारखं आहे.”

लेन्स खांद्यावर टाके घालत राहिली.

“नियमित असेल,” बाई हळूहळू म्हणाल्या, “तर टोकं असणार.”

“हो.”

“आणि टोकांना तो थांबत असणार.”

त्यांनी कॅमेऱ्याचं शटर एकामागून एक पडत राहील असं केलं. कुठला फोटो टोकावर पडेल हे कोणालाच सांगता येणार नव्हतं; पडत राहिले तर त्यांतला एखादा पडेल, एवढं गणित सांगत होतं. टोकाच्या आसपासचं थोडं हलणं ती तरंगती काच सांभाळू शकेल. त्यांनी मला श्वास अर्धा सोडायला सांगितलं. मी सोडला. कानाजवळ शटर कडकडत राहिलं, थांबलं, पुन्हा कडकडलं. खालच्या टेकडीच्या माथ्यावर ऊन आलं.

आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. फराटा. फराटा. अर्धवट आपा. फराटा. दोन आपा. मग एकदम, कुठलीही सूचना न देता, चादरीच्या चौकटी. टाकी. कठडा. दिव्याचा ठिपका, ठिपक्यासारखा. बाईंनी तो पुरता मोठा केला आणि खाली, वर, कोपऱ्यांत जाऊन पाहिला. एखाद्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावे लागत असताना त्या अशाच शेवटची चूक शोधत.

“आला,” त्या म्हणाल्या.

“बाकीचे काढून टाकू?” मी विचारलं.

“ठेव. त्यांच्यातूनच आलाय तो.”

लेन्स मला मिळणार नाही हे त्या क्षणी नक्की झालं. बाईंनी आपांना फोन लावला. “आलीस बरं का. छान आलीस.”

“तुजा पन मी काडलाय,” आपा म्हणाल्या. “दरवर्साला तू माजा काडतेस, तुजा कोन काडनार? मोबाइलवर डोंगर ओडून आनला आनि काडला. पाठवते, थांब. तू कुटं हायेस त्यात तूच बग.”

फोटो आला. डोंगराची काळी कड, वर उजळलेलं आकाश. त्यात आम्ही असणं शक्यच नव्हतं. सगळं फासलं होतं. लक्ष्मण हसला. “आपानं डोंगरच हलीवला की.”

बाई हसल्या नाहीत. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात आपांच्या गल्लीतल्या खांबाचा दिवा आला होता. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. दिव्याची रेघ झाली होती. रेघ तिरकी, सरळ आणि टोकाला जाऊन आकड्यासारखी मागे वळलेली.

त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपला पहिला बिघडलेला फोटो आणला आणि दोन्ही पडदे शेजारी धरले. कठड्यावर टाकलेल्या चादरीकडे माझं मन गेलं, आणि तिथल्या न वाहणाऱ्या वाऱ्याकडे.

फोन अजून चालूच होता. “मिळाला का गं?” आपा विचारत होत्या.

“मिळाला.” बाई कड्याच्या दगडावर बसल्या. “आपा, हल्ली चहा कशातून पितेस?”

खाली कुठेतरी कोंबडा आरवला, तो फोनमधूनही ऐकू आला.

“पेल्यातून,” आपा म्हणाल्या.

“भरून?”

“अर्दा.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आनि तू?”

“मी पन अर्दाच गं.”

“मला बोलली नायस.”

“तू तरी कुटं बोललीस?”

फोन कोणीच ठेवला नाही. ऊन सावकाश गच्चीवर उतरलं. लक्ष्मणने बुलेटला थोडं दूर नेलं. शेवटी बाई म्हणाल्या, “आपा, विजापूरला चल माज्यासंगं. तितं टेकायला भिंत लई चांगली हाय.”

“माजे गुडगे?”

“विजापूरला डोंगर नाय.”

मी पुढच्या शिक्षणासाठी निघायच्या थोडे दिवस आधी त्या दोघी विजापूरला निघाल्या. संध्याकाळी कर्जत स्टेशनवर त्यांना निरोप द्यायला मी गेले होते. घाट चढण्यासाठी लांबच्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिन जोडतात. त्यासाठी गाडी थांबते आणि डब्यातले लोक वडे घ्यायला खाली उतरतात. आपांना मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. बाईंहून उंच, बाईंहून हळू, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. फलाटाच्या शेवटी इंजिन सरकत येताना दिसलं तशी बाईंनी बॅग माझ्याकडे दिली, लेन्स काढली आणि आपांना पुढे उभं केलं. लेन्स आपांच्या खांद्यावर ठेवली.

“आपा, हलू नको.”

“मी कुटं हलतेय? तूच हलतेस.”

“दोगी हलतोय. बगू कुटं जुळतंय. श्वास सोड. अर्दा सोडून थांब.”

इंजिन येऊन डब्याला भिडलं आणि सगळ्या गाडीतून एक धक्का पुढे सरकत गेला. शटर पडत राहिलं. फलाटावरचे दोन हमाल थांबून या पुढेमागे उभ्या राहिलेल्या, ताठ, श्वास रोखलेल्या म्हाताऱ्या बहिणींकडे बघत होते. मग गार्डची शिट्टी झाली. बाईंनी फोटो बघितले नाहीत. त्यांनी लेन्स आपांच्या खांद्यावरून उचलली, स्विचवरची पट्टी अंगठ्याने दाबून घट्ट केली, आणि एका हाताने आपांचं कोपर धरून त्यांना डब्याची पायरी चढवली.